स्विचलाही पाटकरी हवा : देवळा तालुक्यातील शाखा कर्मचारी व संगणक ऑपरेटर यांचे मागणीपत्र

प्रति,
संचालक मंडळे, तालुक्यातील सहकारी बँका व पतसंस्था,
तसेच या संस्थांना संगणक सेवा व डेटा सेंटर पुरवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन.

विषय : स्टोरेज नेटवर्कच्या स्विचवरील प्रत्येक पोर्टची वाहतूक व प्रकृती रोज तपासणे, तिची नोंद ठेवणे आणि ती शाखांना कळवणे याबाबत.

महोदय,

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत देवळ्याच्या किंवा उमराण्याच्या बाजार समितीतून निघालेला शेतकरी हिशेबपट्टी खिशात घालून थेट आमच्या शाखेत येतो. व्यापाऱ्याने पैसे आरटीजीएसने टाकलेले असतात, यूटीआर नंबर पट्टीच्या मागे पेनाने लिहिलेला असतो. त्याला त्याच दिवशी ट्रॅक्टरवाल्याचे भाडे द्यायचे असते, कांदा काढणाऱ्या बायांची मजुरी द्यायची असते, खताच्या दुकानातली उधारी भागवायची असते. शेतमालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करावेत हा बाजार समितीचा नियम आहे. व्यापाऱ्याने तो पाळला, तरी आमच्या पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले तर पैसे काही त्या दिवशी त्याच्या हातात पडत नाहीत. मग काउंटरवरून एकच वाक्य निघते : “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य म्हणणारे आम्ही आहोत. ऐकणारी माणसे आमच्याच गावातली आहेत, लोहोणेरची, खर्ड्याची, मेशीची, दहिवडची. संध्याकाळी तीच माणसे पारावर भेटतात.

या वाक्यामागे काय असते हे आम्हालाही बरीच वर्षे कळत नव्हते. एका प्रसंगाने कळले. त्यातल्या संस्थेचे वा कंपनीचे नाव घेत नाही, कारण हा दोष एका घरचा नाही. एका उन्हाळ्यात एका शाखेत रोज दुपारी बारा ते दोनच्या सुमारास खातेउतारा उघडायला मिनिटे लागू लागली. सकाळी सुरळीत, चारनंतर पुन्हा सुरळीत. टिकीट टाकले. उत्तर आले, तुमची लाइन तपासा. लाइन तपासली, राउटर बदलला, दोन संगणक फॉरमॅट केले. शाखेच्या ऑपरेटरला वरिष्ठांचे बोलणे खावे लागले. तीन आठवड्यांनी डेटा सेंटरकडून एका ओळीची मेल आली : स्टोरेज स्विचच्या एका पोर्टचा एसएफपी बदलला आहे, आता पाहा. त्रास त्याच दिवशी थांबला. बदललेला भाग, म्हणजे फायबर केबलमधून प्रकाश पाठवणारा व घेणारा तो एसएफपी, बोटाएवढा होता. नंतर आम्ही खोदून विचारले तेव्हा तिथल्या इंजिनिअरने प्रामाणिकपणे सांगितले की तो पोर्ट पहिल्या दिवसापासून चुका मोजत होता. आकडा स्विचमध्ये पडून होता, वाचायला कुणी गेले नव्हते.

ही गोष्ट आम्हाला फार लागली, कारण त्या तीन आठवड्यांत जे घडले ते टाळता येत होते. त्यासाठी नवे यंत्र लागत नव्हते, पैसा लागत नव्हता.

हा स्विच काय असतो हे संचालक मंडळातल्या अनेकांना माहीत नसेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शाखेतला राउटर आणि त्यामागची फायबर लाइन सगळ्यांना दिसते. दूर कुठेतरी सर्व्हर आहे हेही ठाऊक असते. पण खातेदाराची शिल्लक सर्व्हरच्या पोटात नसते. ती वेगळ्या स्टोरेज यंत्रात, डिस्कच्या कपाटात असते. सर्व्हर आणि हे कपाट यांच्यामध्ये एक खास जाळे असते, बहुधा फायबर चॅनेलचे, आणि त्या जाळ्याचा नाका म्हणजे स्टोरेज स्विच. शाखेत ‘शिल्लक दाखव’ म्हणून दाबलेली कळ असो वा रात्रीचा डे-एंड, सगळे शेवटी या नाक्यावरून जाते. १६ गिगाबिटचा एक पोर्ट, म्हणजे स्विचला केबल जोडायचे एक तोंड, एका दिशेने सेकंदाला सुमारे १,६०० मेगाबाइट वाहून नेतो. रस्ता मोठा आहे. अडचण बहुतेक वेळा रस्त्याच्या रुंदीची नसतेच.

साध्या नेटवर्कमध्ये गर्दी झाली की पाकिटे टाकून दिली जातात आणि पुन्हा मागवली जातात. फायबर चॅनेलमध्ये दंडक वेगळा : समोरच्याने ‘माझ्याकडे जागा आहे’ असे आधी कळवल्याशिवाय एकही फ्रेम, म्हणजे माहितीचे पाकीट, पाठवायची नाही. या हमीला बफर क्रेडिट म्हणतात. क्रेडिट संपले की पाठवणारा थांबून राहतो. कसमाद्यातल्या, म्हणजे आमच्या भागातल्या, माणसाला हे समजायला फडाची आठवण पुरेशी आहे. मोसम आणि आरम नद्यांवर बंधाऱ्यातून पाट काढून पाणी वाटून घेण्याची फड पद्धत आपल्या शेजारच्या बागलाणात पिढ्यान्‌पिढ्या चालली. खालच्या शेताचे तोंड कचऱ्याने बुजले की पाणी वर तुंबते आणि फुटते मात्र भलत्याच्याच बांधावर. म्हणून फडाला पाटकरी असे. त्याने रोज पाटाच्या काठाने चालत जायचे आणि प्रत्येक तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. पीक वाळल्याची तक्रार आल्यावर घरातून निघणारा पाटकरी गावाने ठेवला नसता.

स्विचवर नेमके हेच घडते. एखाद्या सर्व्हरचे कार्ड सुस्त झाले, क्रेडिट परत द्यायला त्याने उशीर लावला, की त्याच्यासाठी निघालेल्या फ्रेम वाटेत अडून बसतात आणि त्यांच्यामागे निर्दोष सर्व्हरांच्या फ्रेमही. जाणकार याला ‘स्लो ड्रेन’ म्हणतात. ज्या डेटा सेंटरमध्ये अनेक संस्थांचे काम एकाच स्विचवरून जाते, तिथे दुसऱ्याच एखाद्या बँकेचा बॅकअप सर्व्हर आजारी पडला तर देवळ्याची शाखा अडकू शकते. त्या वेळी आमच्या सर्व्हरचा प्रोसेसर हिरवा, मेमरी हिरवी, डिस्क हिरवी दिसते. कॉल सेंटरवरचा मुलगा खोटे बोलत नसतो, त्याच्या पडद्यावर खरेच सगळे ठीक असते. बिघाड जिथे दिसतो तो पडदा कुणी उघडलेलाच नसतो.

हा धोका फक्त आमच्यासारख्या लहान संस्थांचा आहे असे कुणी समजू नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ पर्यंत बंद राहिले. त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत वाढवावा लागला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या, त्याचा फटका स्टोरेज नेटवर्कला बसला आणि जोखीम मोजणारी प्रणाली उपलब्ध राहिली नाही. एवढा पैसा, एवढी माणसे, दोन-दोन कंपन्यांच्या लाइनी, तरीही. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारांना बजावले की महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करा. दुसरा प्रसंग ३१ जुलै २०२४ चा. सी-एज या सेवा कंपनीला रॅन्समवेअर हल्ल्याचा फटका बसला, राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे पेमेंट व्यवहार एकदम थांबले. तिथले कारण वेगळे होते, हल्ल्याचे होते. पण एका ठिकाणी पाणी अडले की किती बांध एकाच वेळी कोरडे पडतात ते त्या दिवशी दिसले.

आता मागण्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी रोजच्या फेरीची. प्रत्येक स्टोरेज स्विचच्या प्रत्येक वापरातल्या पोर्टचे आकडे रोज ठरलेल्या वेळी वाचले जावेत आणि कालच्या आकड्याशी त्यांची वजाबाकी व्हावी. वजाबाकीवर आमचा भर आहे. स्विचमधले मोजणारे रकाने शेवटचे पुसल्यापासून साचत जातात. पोर्टवर ४,००० चुका दिसल्या, तर त्या दोन वर्षांपूर्वी कुणी केबल ओढली तेव्हाच्या आहेत की आज सकाळच्या, हे एका आकड्यावरून कळत नाही. ब्रोकेडच्या स्विचवर ‘पोर्टएररशो’ ही एकच आज्ञा दिली की पोर्टमागे एक ओळ येते. सिस्कोच्या एमडीएस स्विचवरही अशी सोय आहे. किमान एवढे रकाने पाहावेत : सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम), विस्कटलेले शब्द, सिंक तुटल्याची आणि लिंक पडल्याची संख्या, वेळ संपल्यामुळे टाकून दिलेल्या फ्रेम आणि क्रेडिट शून्य असण्याचा काळ. निरोगी पोर्टवर सीआरसीचा आकडा दिवसेंदिवस जागचा हलू नये. तो हलला तर चूक जिथे जन्मली तो पोर्ट कोणता आणि बिघडलेली फ्रेम नुसती पुढे सरकली ते पोर्ट कोणते, हे वेगळे करावे. ब्रोकेडमध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो न पाहता चांगले भाग बदलत बसण्यात आमचे तीन आठवडे जातात.

वाहतुकीचा आकडा प्रकृतीच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा, हा याच मागणीचा दुसरा भाग. दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या अहवालांत गेले की काहीच कळत नाही. ठिबकच्या फिल्टरला आपण दोन्ही बाजूंना दाबमापक लावतो. एका घड्याळाकडे पाहून फिल्टर तुंबला की नाही ते सांगता येत नाही, दोन्हींतला फरक सांगतो. तसेच इथे. वाहतूक कमी आणि क्रेडिट-शून्य काळ मोठा असेल तर समोरचे यंत्र सुस्त आहे. वाहतूक पोर्टच्या कमाल मर्यादेला भिडली असेल तर रस्ता खरोखर अपुरा आहे, नवा पोर्ट जोडा. वाहतूक नेहमीची, सीआरसी वाढते आणि एसएफपीला पोहोचणारा प्रकाश घटलेला असेल तर केबलचे टोक मळले आहे किंवा केबल कुठेतरी दुमडली आहे. हे निदान करायला मोठा तज्ज्ञ लागत नाही, रोज पाहणारा माणूस लागतो.

वाहतूक दर पाच मिनिटांच्या सरासरीने नोंदवली जाते असे आम्हाला सांगण्यात येते. ते पुरेसे नाही. दहा सेकंदांची कोंडी पाच मिनिटांच्या सरासरीत विरघळून जाते, आणि आमच्या काउंटरवर पडदा गोठायला दहा सेकंद खूप झाले. म्हणून सरासरीबरोबर त्या अवधीतला कमाल आकडाही ठेवावा. शिवाय प्रत्येक पोर्टची ‘नेहमीची’ पातळी हंगामानुसार ठरवावी. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांतली दुपार, ३१ मार्च, व्याज टाकण्याचे दिवस आणि चाळीतला कांदा भाव पाहून बाहेर निघतो तो काळ, हे सारखे नसतात. पुण्या-मुंबईच्या शाखांवरून ठरवलेली इशाऱ्याची रेघ देवळ्याला लागू पडत नाही. हे दिवस आम्ही लिहून देतो. त्यात आम्हाला सहभागी करून घ्या, एवढेच म्हणणे आहे.

एसएफपी आतून स्वतःची प्रकृती सांगतो : पाठवलेला प्रकाश, आलेला प्रकाश, तापमान, विजेचा दाब. आलेला प्रकाश ३ डेसिबलने घटला म्हणजे निम्मा झाला. हे मोजमाप आठवड्यातून एकदा नोंदवावे, घसरण दिसली की टोक स्वच्छ करावे, आणि सुटे एसएफपी व पॅच कॉर्ड रॅकजवळच ठेवावेत. एवढ्याशा भागासाठी कुरिअरची वाट पाहणे शोभत नाही.

दुसरा मोठा मुद्दा दुहेरी वाटेचा. करारात ‘दोन स्वतंत्र फॅब्रिक’ असे लिहिलेले असते, म्हणजे सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन वेगळ्या स्विचमधून दोन वाटा. एक पडली की दुसरी आपोआप सांभाळते. व्यवस्था उत्तम आहे, पण तिच्यात एक खोड आहे : पहिली वाट पडल्याचे शाखेला कळत नाही. काम चालू राहते, सगळे निर्धास्त राहतात आणि आपण एका वाटेवर उभे आहोत हे दुसरी पडेल त्या दिवशी कळते. म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या किती वाटा असायला हव्यात आणि आज किती जिवंत आहेत, हे रोजच्या फेरीत लिहावे. आणि तिमाहीतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, मुद्दाम एक वाट बंद करून पाहावी. आम्ही शाखेत येऊन बसतो, व्यवहार करून पाहतो. सुट्टीचा मोबदला आम्हाला नको, पण ही चाचणी झालीच पाहिजे.

सामायिक स्विचबद्दल आमचे म्हणणे थोडके पण ठाम आहे. आमच्या संस्थेचे काम ज्या स्विचवरून जाते त्यावर इतर किती ग्राहक आहेत हे संस्थेला लेखी सांगावे. नावे नकोत, संख्या पुरे. सुस्त झालेले यंत्र वेगळे काढण्याची सोय आजच्या स्विचमध्ये आहे. ती चालू आहे की नाही तेही सांगावे.

नोंदी किती दिवस ठेवायच्या यावर वाद नको. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवायच्या आहेत आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळलेली हवीत. स्टोरेज स्विचही यंत्रणेतच येतो. स्विचचे घड्याळ सात मिनिटे मागे असेल तर शाखेतल्या तक्रारीची वेळ आणि पोर्टवरची चूक यांची सांगड कधीच बसत नाही, आणि मग पुन्हा ‘तुमची लाइन तपासा’.

इथे कायद्यातली एक पोकळी सांगायला हवी. संगणक सेवा बाहेरून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी सविस्तर निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क, बिघाड-हल्ल्याची माहिती विनाविलंब मिळण्याचा हक्क, असे बरेच चांगले त्यात आहे. पण पहिल्या व दुसऱ्या श्रेणीतल्या नागरी सहकारी बँका त्यातून वगळल्या आहेत, आणि पतसंस्था तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत. लहान संस्थांवर बोजा नको हा वगळण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ असा झाला की ज्या खातेदाराकडे दुसरी बँक नाही, त्याच्याच बँकेला प्रश्न विचारण्याचा लेखी हक्क नाही. कायद्याने दिला नसला तरी करारात लिहून घ्यायला कुणी अडवलेले नाही. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी स्विचच्या आकड्यांची पाहणी करण्याचा, महिन्याचा अहवाल मिळण्याचा आणि बिघाडाचे खरे कारण सात दिवसांत लेखी मिळण्याचा हक्क करारात घालावा, ही संचालक मंडळांकडे आमची स्वतंत्र मागणी आहे. तालुक्यातल्या संस्थांनी हे एकत्र मागितले तर पुरवठादाराला नाही म्हणणे जड जाईल. एकेकट्याने मागितले तर उत्तर काय येईल ते आम्हाला माहीत आहे.

कळवण्याची मागणी आमच्या जिव्हाळ्याची आहे. इशारा डेटा सेंटरच्या पडद्यावर लाल झाला की त्याच वेळी शाखेला मराठीत निरोप यावा : काय बिघडले, कोणते व्यवहार मंदावतील, किती वेळ लागेल असा अंदाज आहे, पुढचा निरोप किती वाजता येईल. अंदाज चुकला तर चालेल. तास-दीड तास लागेल असे कळले तर मेशीहून आलेली म्हातारी बाजार करून परत येऊ शकते, आणि विठेवाडीहून आलेला माणूस दिवसभर बाकावर बसून राहत नाही. “सर्व्हर डाऊन” या दोन शब्दांत तिला किंवा त्याला काहीच ठरवता येत नाही. आम्हालाही नाही.

आणि आमच्यासाठी म्हणून एक मागणी. जो बिघाड पोर्टवर नोंदलेला आहे त्याच्यासाठी शाखेच्या ऑपरेटरला किंवा कॅशियरला मेमो देऊ नये, डे-एंड लांबला म्हणून जाब विचारू नये. रात्री साडेनऊपर्यंत शाखेत थांबावे लागले तर त्याची नोंद व्हावी आणि बायांना घरी पोहोचवण्याची सोय संस्थेने करावी. महामार्गावरून रात्री एकटीने स्कूटीवर गावी जाणे काय असते ते आमच्या भगिनींना विचारा. तसेच प्रत्येक संस्थेतल्या किमान दोघांना हे आकडे वाचण्याचे शिक्षण द्यावे. त्यांना आज्ञा द्यायचा अधिकार नको, फक्त पाहण्याचे खाते द्यावे. ज्यांनी बारा वर्षे एकेका खात्याचा पैशापैशाने मेळ घालून वही बंद केली, त्यांना कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक काढणे अवघड जाणार नाही.

खर्चाचा प्रश्न येईल हे आम्ही धरून आहोत. आकडे स्विचमध्ये आजही तयार आहेत, वाचणारी आज्ञा स्विचमध्येच आहे, साध्या संगणकावर चालणारी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर ते रोज उतरवून घेऊ शकतात. लागतो तो एका माणसाचा रोजचा अर्धा तास आणि त्याच्या नावाने ठेवलेली एक वही. त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे मागितले गेले तर आमचा विरोध नाही, ते द्यावेत.

या मागणीपत्राला ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. प्रत्येक मागणीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत’ यांपैकी एक लिहावे, आणि अमान्य असेल तर कारण. पोर्टनिहाय पहिला मासिक अहवाल उन्हाळ कांद्याची आवक वाढण्याआधी, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, प्रत्येक शाखेत पोहोचावा. तो आम्ही नोटीस बोर्डावर लावू.

आपले,
देवळा तालुक्यातील सहकारी बँका व पतसंस्थांचे शाखा कर्मचारी आणि संगणक ऑपरेटर